खालच्या कवळीची डावी कड

९ नोव्हेंबर, रविवार

कड अर्धा मिलिमीटर उंच होती. खालच्या कवळीची, डावीकडची. चूक माझीच!

अक्का सकाळच्या एसटीनं मैंदर्गीहून आली. चहा नाही, पाणी नाही, चप्पल काढायच्या आत — "तम्मा, हितं टोचतंय बघ." बल्बखाली बसवलं. गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत ज्वारीच्या दाण्याएवढी लाल जखम. कवळीला आतून निळी पेस्ट लावली, बसवली, दाबली, काढली. बरोबर त्या जागी पेस्ट पुसलेली. म्हणजे तिथंच टेकतंय. घासली, पॉलिश केली, परत पेस्ट लावून बघितली. आता सगळीकडे एकसारखी. वीस मिनिटांचं काम.

श्रावणात करून दिलेली कवळी. वरची आणि खालची. लोक बत्तिशी म्हणतात, पण कवळीत दात अठ्ठावीसच असतात, हे कुणाला सांगून पटत नाही.

एकोणतीस वर्षं झाली या कामाला. डॉक्टर माप पाठवतात, मी कवळी करतो, तोंडात बसवतात ते. माणसाच्या तोंडात हात घालायचा मला अधिकार नाही आणि कधी घातलेलाही नाही. अक्का तेवढी सोडून. बहिणीला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, त्याला मी काय करू!

जाताना म्हणाली, "आता कसं गार वाटतंय." खूष होऊन गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विजापूर रोडला सिद्धेश्वरी मॅडमच्या दवाखान्यात दोन कवळ्या पोचवल्या. त्यांनी नवीन यंत्र आणलंय — स्कॅनर. जाड पेनासारखं दिसतं. तोंडात नुसतं फिरवायचं की समोर टीव्हीवर सगळं तोंड रंगीत उभं राहतं. माप घ्यायला पेस्टचा साचा नको, काही नको.

मॅडम म्हणाल्या, "काका, तो पेस्ट भरलेला ट्रे घशापर्यंत कोंबायचा म्हणजे शिक्षाच हो. म्हाताऱ्या माणसांना ओकारी येते."

मी म्हणालो, "एकोणतीस वर्षं ओकारी आली, तरी कवळ्या बसल्याच की."

हसल्या. ही बाई रागावत नाही. वय पस्तिशीच्या आतलं.

तिथल्या रीतीच निराळ्या. पहिल्या दिवशी तोंडात काही घालायचं नाही म्हणे, फक्त गप्पा! सुईच्या आधी हिरडीला जेल लावून ती बधिर करायची. सुईसुद्धा यंत्रानं, थेंब थेंब. आणि पेशंटनं डावा हात वर केला की जे चाललंय ते जागच्या जागी थांबलं पाहिजे. "मग दिवसाला पेशंट किती होणार?" मी विचारलं. "कमी होतात. पण परत येतात, काका. भिऊन पळत नाहीत."

असेल. पण माझ्या बोटाला जे कळतं ते पेनाला कळणार नाही. नववीत शाळा सुटलेल्या माणसानं डिक्शनरी शेजारी ठेवून कवळ्यांचं इंग्रजी पुस्तक वाचलंय — चारशे बारा पानं, दोनदा. यंत्राचं कौतुक मला सांगू नये.

३० नोव्हेंबर, रविवार

अक्का परत आली. तीच जागा! जखम आता शेंगदाण्याएवढी, मधे जरा पांढरी. निळी पेस्ट लावली. पुन्हा तिथंच पुसलेली. हे कसं? मागच्या वेळी मी स्वतः बघितलं होतं. ०.३ मिमी घासली. कड गोल केली.

चंद्रिका भाकरी थापता थापता म्हणाली, "घासून घासून कवळीचा पापड करा. वन्संना त्या मॅडमकडे का नेत नाही?"

बायकोला दातांतलं काय कळतं!

१ डिसेंबर, सोमवार

पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

अक्का डॉक्टरकडे जात नाही, याला कारण आहे. मी पाच वर्षांचा होतो, अक्का चौदाची. दाढ सुजून डोळा झाकला होता. मैंदर्गीत बाजाराच्या दिवशी एक जण पक्कड घेऊन बसायचा. वडिलांनी हात धरले, काकांनी डोकं दाबलं, आणि मला सांगितलं, पायावर बस. मी बसलो. दाढ मधेच मोडली. त्यानं परत पक्कड घातली. तिच्या टाचा माझ्याखाली आपटत होत्या ते मला अजून कळतं. मोठेपणी एकदा शहरात नेलं, तर डॉक्टर खेकसला — "एवढी घोडी झालीस, तोंड उघडता येत नाही?" खुर्चीवरून उठली ती तडक स्टँडवर. त्यानंतर दुखलं की तंबाखूची मिश्री लावायची, एवढंच औषध. एकेक करून सगळे दात गेले.

माझ्यासमोर मात्र लगेच आ करते. "तुज्या हाताला प्लास्टरचा वास येतोय न्हवं, मग भ्या वाटत न्हाय."

माझी डिग्री असेल तर ती हीच.

२१ डिसेंबर, रविवार

अक्का. तिसऱ्यांदा. डावी कड सगळीच खाली आणली, ०.८ मिमी. याहून जास्त घासली तर कवळी बसायची नाही, डुगडुगेल. जखमेची किनार जाड वाटते. डावा कान ठणकतो म्हणते. थंडी आहे, मफलर बांध म्हणालो.

एक सांगायचं म्हणजे कवळी ठेवते मात्र छान! चार महिने वापरलेली वाटत नाही. मिश्रीचा एक डाग नाही. डॉक्टरांकडून परत येणाऱ्या कवळ्या बघितल्या की किळस येते, आणि ही बघा.

पुस्तकात आहे — टोचणं थांबत नसेल तर कवळी पंधरा दिवस काढून ठेवावी, जखम भरू द्यावी. माहीत आहे मला. पण संक्रांतीची गड्ड्याची जत्रा तोंडावर आली. सगळे पाहुणे जमणार. त्यात ती बोळक्या तोंडानं फिरणार का? आणि इथं खोटं कशाला लिहू — कवळी डब्यात ठेव म्हणायचं म्हणजे मी हरलो, असं होतं.

सांगितलं नाही.

४ जानेवारी, रविवार

अक्का आली नाही. बरं वाटत असणार.

१५ जानेवारी, गुरुवार

जत्रेला आली. काल अख्खा दिवस आमच्याकडे. पाहुण्यांत बसून मोठ्यांदा हसायची आणि ओठ वर करून दाखवायची — "आमच्या तम्मानं केल्यात. एकबी दात इकतचा वाटतोय का सांगा!" मला लाजल्यासारखं झालं. आवडलंही.

जेवली मात्र नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, सगळं तिच्या आवडीचं. "उपास हाय" म्हणाली. बुधवारी कसला उपास? वाटीभर आंबील घेतली, तीही मान उजवीकडे कलती करून.

आज सकाळी बघितलं. चिंचोक्याएवढी. फुगलेली.

खालची कवळी नवीनच करायची. मुळात श्रावणात माप चुकलं असणार. पेस्टचा ट्रे ठेवला तेव्हा अक्काला उमासे येत होते, त्यात कुठंतरी हललं. हे मान्य करायला मला दोन महिने लागले. माप त्या पेनानं घेऊ. पेनानं घेतलं तरी कवळी मीच करणार की!

२० जानेवारी, मंगळवार

मॅडमना विचारलं. थेट सांगितलं, बहिणीची कवळी मीच बसवली, नियमाबाहेर. वाटलं बोलतील. बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "जखम किती दिवसांची आहे?"

"कवळीची आहे. नवीन केली की भरेल."

"किती दिवसांची, काका?"

मी सांगितलं नाही. पुढच्या मंगळवारी घेऊन येतो म्हणालो.

अक्काला फोन. "पक्कड न्हाय न्हवं? सुई न्हाय न्हवं?" नाही, पेन आहे. "पेन! तोंडात काय पत्र लिवनार हाय का ती?"

येते म्हणाली. आपणहून, पन्नास वर्षांत पहिल्यांदा!

२७ जानेवारी, मंगळवार

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर जमायचं नाही.

दहा वाजता पोचलो. अक्कानं माझा दंड धरलेला, नखं रुतत होती. मॅडम बाहेर येऊन तिच्या शेजारी बाकावर बसल्या. खुर्चीकडे नेलंच नाही. गाव कुठलं, घरात कोण, मैंदर्गीत आता पाण्याचं कसं. मग कानडीत सुरू झाल्या — "अंजब्याडरी, अक्का." भिऊ नका. अक्का चकित! "आपल्यातलीच हाय की ही पोरगी." वीस मिनिटं अशी गेली. मी घड्याळ बघत होतो.

मग आरसा अक्काच्या हातात दिला. "आधी तुम्हीच बघा तुमचं तोंड, मग मला दाखवा. हात वर केला की मी थांबणार." खुर्ची हळूहळू मागं झाली. पेन ओठाला लागलं न लागलं, अक्कानं हात वर केला. मॅडम थांबल्या. पेन बाजूला. परत सुरू. परत हात वर. परत थांबल्या. तिसऱ्यांदा अक्काच्या डोळ्यांत हसू दिसलं — परीक्षा घेत होती ती! मॅडमही हसल्या. "पास झाले का मी?"

टीव्हीवर जबडा उमटत गेला. काय सांगू, एकेक खाच, एकेक वळण! मी कडेची रेष बघत होतो, हाडाचा उतार, कुठं किती उंची ठेवायची ते. मनात कवळी तयारसुद्धा झाली. आणि पेन डावीकडे आलं. मी तीन महिने चाळीसच्या बल्बखाली बघितलेली जखम टीव्हीवर तळहाताएवढी. कडा वर वळलेल्या. मधे खड्डा.

मी कड बघत होतो. मॅडम जखम बघत होत्या.

पेन ठेवलं. दोन बोटांनी अक्काची मान चाचपली, जबड्याखाली, मग कानामागून खाली. बराच वेळ. चेहरा होता तसाच ठेवला. मग अक्काला विचारून जेल लावलं, सुई थेंब थेंब दिली — अक्काला सुई दिल्याचं कळलं नाही! — आणि जखमेचा कणभर तुकडा काढून बाटलीत टाकला.

पहिल्या दिवशी काही करत नाही म्हणणारी बाई. आज केलं.

मला दाराशी विचारलं, "कधीपासून?" नऊ नोव्हेंबर, मी म्हणालो. तारीख मला तोंडपाठ. एकोणऐंशी दिवस. त्यांनी मान खाली घातली.

रिक्षात अक्का माझ्यावर खेकसली. पण खुषीत. "आसं आसतंय व्हय आता? काय बी दुखलं न्हाय! मग आदीच आनायचं की रे मला. येड्यावानी भीत बसले मी."

३ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कॅन्सर आहे. मॅडमनी तो शब्द एकदाच म्हटला. पाणी दिलं मला.

"कवळीनं झालेली जखम कवळी काढून ठेवली की दहा-पंधरा दिवसांत भरते, काका. नाही भरली तर ती कवळीची नाही, असं समजून लगेच तपासायचं." मी म्हणालो, मला माहीत आहे. पुस्तकात आहे. दोनदा वाचलंय. मॅडमनी रिपोर्ट घडी करून पाकिटात घातला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग निळ्या पेस्टचं विचारलं — ती दर वेळी तिथंच कशी पुसायची? "तिथलं मांस वाढत होतं. कड तीच होती, खालून जखम वर येत होती." म्हणजे मी घासायचो, जखम वाढायची, मी परत घासायचो.

मागची पानं काढली. ०.५, ०.३, ०.८. बेरीज १.६. एवढं बिनचूक मोजलं. जखमेला मोजपट्टी एकदाही लावली नाही — ज्वारी, शेंगदाणा, चिंचोका!

चंद्रिकानं ताट झाकून ठेवलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या दवाखान्यात नेलं. भाचा प्रभुलिंग बरोबर होता. फोटो काढले, सगळं झालं. जबड्याच्या हाडात शिरलंय. मानेतल्या गाठींनी मोठी रक्तवाहिनी वेढलीय. ऑपरेशन होण्यासारखं राहिलेलं नाही. रेडिएशनचा शेक देतील, तो दुखणं कमी व्हावं म्हणून. बरं व्हावं म्हणून नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. चांगली माणसं होती.

नोव्हेंबरात आलो असतो तर? हे मी विचारलं. प्रभुलिंग चहा आणायला गेला होता तेव्हा विचारलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाचं आता सांगता येत नाही. मी म्हणालो, ज्वारीच्या दाण्याएवढी होती. ते म्हणाले, "एवढी लहान असताना सापडली तर बहुतेक जण बरे होतात."

प्रभुलिंगला सांगितलं नाही. मला "मामा, तुमी हाय म्हणून बरं" म्हणाला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

काम केलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

अक्का आता आमच्याकडेच राहते, शेकाला जायला बरं पडतं म्हणून. तोंड दोन बोटं उघडतं. काल दीड बोट.

सिद्धेश्वरी मॅडम घरी येऊन गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. बधिर करायचं जेल आणलं, खायच्या आधी कापसानं कसं लावायचं ते चंद्रिकाला दाखवलं. ओठ फाटू नयेत म्हणून वेगळं मलम. स्पंजची मऊ काडी, तोंड पुसायला. अक्काला कानडीत विचारून विचारून, जराही घाई न करता. अक्कानं हात वर केला, मॅडम थांबल्या. खेळ नव्हता या वेळी.

मी दारात उभा. एवढी नवीन नवीन औषधं, एवढं हलक्या हातानं करायचं शास्त्र, आणि माझी बहीण त्याच्यापाशी पोचली ती आता. आता ते काय करणार? पाणी गिळायला मदत करणार.

मॅडम जाताना म्हणाल्या, "काका, दोन कवळ्या राहिल्यात तुमच्याकडं." मी म्हणालो दुसरीकडे द्या. "नाही. थांबते मी." गेल्या.

१ मार्च, रविवार

अक्काला सांगायला पाहिजे. ती मला आशीर्वाद देते. रोज. दवाखान्यातून आली की माझा हात हातात घेते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. मला सहन होत नाही ते. दोनदा समोर जाऊन बसलो. एकदा उशी सारखी केली, एकदा पंखा लावला. उठून आलो.

काय सांगायचं ते कागदावर लिहून काढलं. तीन वाक्यं. पहिल्या वाक्यात "मी" सात वेळा आला. फाडलं.

५ मार्च, गुरुवार

शेक संपले. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. म्हणजे घरीच ठेवा.

८ मार्च, रविवार

आज सांगितलं. ती जखम कवळीची नव्हती, मला समजायला पाहिजे होतं, मी कड घासत बसलो आणि तुझे एकोणऐंशी दिवस घालवले. सगळं सांगितलं. रडलो.

अक्कानं ऐकून घेतलं. मग थांबत थांबत, एकेक शब्द — "कवळी म्या पाडव्यापास्नं घातलीच न्हाय रे. दिवाळीच्या. तुज्याकडं यायचं आसलं की तेवढी, स्टँडवर उतरून घालायची. एवढा जीव लावून केलतास तू. तुला कसं सांगू?"

पाडवा बावीस ऑक्टोबरला होता. नऊ नोव्हेंबरपर्यंत अठरा दिवस होतात. पुस्तकात पंधरा आहेत.